रस्त्याकडची भिंत

दसऱ्याला आठ दिवस होते. रंगाऱ्यानं पोर्चच्या खांबावर पत्री चालवली आणि तळहाताएवढा एक पोपडा सुटून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला. वरून करडा होता, पण कडेनं धरून पाहिला तर जुन्या वहीच्या पानांसारखे थर दिसत होते. करड्याखाली फिका गुलाबी, त्याखाली पिस्त्याचा हिरवा, मग आकाशी, मग पिवळा आणि सगळ्यांत तळाशी चुन्याचा पांढरा. आमच्या घराचं सगळं आयुष्य माझ्या चिमटीत मावलं होतं.

"ताई, ह्यो पिवळा बघा की," शिडीवरून रंगारी म्हणाला. "चुन्यातली पिवडी हाय ही. माझा बा कालवायचा असली. आता कोण कालवतंय?" मग पत्री खाली ठेवून त्यानं विचारलं, "कंचा द्यायचा औंदा?"

मला उत्तर सुचलं नाही. करडा नको, एवढंच म्हणाले. करडा मीच निवडला होता, मागच्या खेपेला. मळ दिसत नाही, सगळ्यांत मिसळून जातो, आजकाल बऱ्याच घरांना असतो, अशी कारणं तेव्हा पुरेशी वाटली होती. त्या दिवशी हातात तो पोपडा घेऊन उभी असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की हा रंग मी निवडला खरा, पण गेली कितीतरी वर्षं मी तो पाहिलेलाच नाही. मी घरात असते तेव्हा मला आतल्या भिंती दिसतात. बाहेरची भिंत बाहेरच्यांना दिसते.

आमचं घर विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यापासून आत, तिसऱ्या गल्लीत. 1919 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज या बाजूला सुरू झालं, 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय आलं, ज्याला पुढं वालचंद हे नाव मिळालं. गावापासून लांब, नदीपासून उंचावर असलेल्या या मोकळ्या रानात मग हळूहळू घरं उठली. आजोबांनी आमचं घर 1956 साली बांधलं. त्याआधी आमचं कुटुंब गावभागात, एका वाड्यात भाड्यानं राहत होतं. वाडा बाहेरून कसा असतो ते आपण जाणतो: उंच भिंत, जाड दरवाजा, एखादी लहान खिडकी. त्याचं सगळं सौंदर्य आत, चौकात. कोरीव खांब आत, तुळशीवृंदावन आत, उजेडही आत. रस्त्याला तो पाठ देऊन बसलेला असतो. विश्रामबागेत आल्यावर घरांनी पहिल्यांदा तोंड फिरवलं. चारही बाजूंनी मोकळी जागा, पुढं बाग, बागेपुढं बसकी भिंत, आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्याला सरळ दिसणारा घराचा चेहरा.

आमच्या घराच्या चेहऱ्यावर काही विशेष गोष्टी आहेत. पोर्चचा कोपरा टोकदार नाही, गोल वळवलेला आहे. खिडक्यांच्या डोक्यावरून छज्ज्याची एक सलग पट्टी धावते आणि कोपऱ्यावर वळसा घेऊन पलीकडं जाते. गच्चीच्या कठड्यावर तीन आडव्या उठावदार रेघा आहेत. जिन्याच्या भिंतीत जहाजाला असते तशी एक गोल खिडकी आहे. आणि फाटकावर लोखंडी पट्ट्यांचा अर्धा सूर्य आहे, त्याचे नऊ किरण वर फाकलेले. लहानपणी मी त्या फाटकावर उभी राहून झोके घ्यायची, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली होती. सूर्य फक्त रस्त्याच्या बाजूनं आहे. घरातून पाहिलं तर रिबिटांची टोकं दिसतात.

सह्याद्रीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठच्या गावात, जहाजाची खिडकी कुठून आली? ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि त्याचं पहिलं टोक हाती लागलं ते एका सुट्टीत.

1978 सालची दिवाळीची सुट्टी. मी दहा वर्षांची होते. बाबांनी गोव्याला जायचं ठरवलं होतं. आमच्यातल्या कुणीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मिरज स्टेशनवर तेव्हा तीन रुंदीचे रूळ होते: पुण्याकडून येणारं ब्रॉडगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारं नॅरोगेज आणि बेळगाव-लोंढ्यावरून गोव्याकडं जाणारं मीटरगेज. आम्ही रात्रीच्या मीटरगेजच्या गाडीत बसलो. कॅसलरॉकनंतर गाडी घाट उतरू लागली. आईनं उठवलं तेव्हा उजाडत होतं आणि खिडकीबाहेर दूधसागर कोसळत होता. मडगावला उतरून बस धरली. तेव्हा झुवारीवर पूल नव्हता. कुठ्ठाळीला फेरीबोटीतून नदी ओलांडावी लागे. संध्याकाळी पणजीत पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राआधी आम्हाला रंग भेटले. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, ओरें खाडीच्या कडेला फोंताइन्यास नावाची वस्ती आहे. तिथल्या झऱ्यावरून तिला हे नाव पडलं. गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून माणसांनी हात लांबवले तर एकमेकांना वाटी देता यावी. आणि प्रत्येक घर निराळ्या रंगाचं. एक पिवडीचं, एक कावेचं, एक नीळ घातलेलं, एक कोवळ्या केळीच्या पानासारखं. खिडक्या-दारांभोवती पांढऱ्या पट्ट्या, अंगणात रांगोळीची कड ओढावी तशा. काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी पट्ट्यांत बसवलेले होते. त्यांतून आत गेलेला उजेड दुधासारखा होत असे. वर तांबडी कौलं. आई थांबली आणि म्हणाली, "अगं, रुखवतात मांडल्यासारखी घरं आहेत ही!"

एका घराशी एक वयस्क गृहस्थ शिडीवर उभे राहून भिंतीला चुना देत होते. भिंतीचा खालचा भाग शेवाळानं काळा पडला होता आणि वरच्या अर्ध्या भागावर ताजा, ओला, गडद पिवळा रंग चढत होता. बाबा त्यांच्याशी बोलायला थांबले. दर वर्षी द्यावा लागतो का, असं त्यांनी विचारलं. ते गृहस्थ हसले. "पावसान व्हेलो, परतून दितां," ते म्हणाले. पावसानं नेला, पुन्हा देतो. नेणाऱ्याबद्दल त्यांच्या बोलण्यात काही राग नव्हता. पाहुण्याला शिदोरी बांधून द्यावी आणि डबा परत भरायला घ्यावा, इतकं ते सरळ होतं.

पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घराला रंग देणं बंधनकारक होतं आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असं गोव्यात सगळीकडं सांगतात. टेकडीच्या उतारावर उभं असलेलं पणजीचं पांढरंशुभ्र चर्च आणि खालची रंगीत घरं एकत्र पाहिली की हे सांगणं पटतं. पण सक्तीपेक्षाही खोल कारण त्या भिंतींत आहे. गोव्याची जुनी घरं जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. त्यावर चुनाच शोभतो, कारण चुना श्वास अडवत नाही. कळीचा चुना पाण्यात विरवतात, काही दिवस मुरू देतात, गाळून घेतात, त्यात थोडा डिंक किंवा सरस घालतात. भिंतीवर दिल्यावर तो हवेतला कर्बवायू घेत घेत पुन्हा दगड होऊ लागतो. ज्या चुनखडीतून तो भाजून काढलेला असतो, तिच्याकडंच तो परत चाललेला असतो. पण चुना जहाल. नाजूक रंग तो खाऊन टाकतो. त्याच्यात टिकतात ते मुख्यतः मातीतून आलेले रंग: पिवडी, काव, गेरू. म्हणून त्या गल्लीतले बहुतेक रंग निरनिराळे असूनही भांडत नाहीत. ते एकाच जमिनीची भावंडं आहेत.

1843 साली पणजी गोव्याची अधिकृत राजधानी झाली. हे वर्ष वाचताना सांगलीकराला थबकायला होतं. त्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. दोन गावांचा एकमेकांशी संबंध काही नव्हता. पण मला आता या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. नट रंगपटात बसून चेहऱ्याला रंग लावतो, तो स्वतःसाठी लावत नाही. मंचावर गेल्यावर त्याला स्वतःचा चेहरा दिसतही नाही. तो रंग समोर बसलेल्यांचा असतो. फोंताइन्यासच्या गल्लीत शिडीवर चढलेले ते गृहस्थ हेच करत होते. त्यांच्या घरातून त्यांना समोरच्याची निळी भिंत दिसणार होती आणि समोरच्याला त्यांची पिवळी. रस्त्यावरून आलेल्या आम्हा परक्या चौघांना दोन्ही दिसणार होत्या. समुद्रकाठच्या गावाला अनोळखी माणसांची सवय असते. कुणी जहाजातून येतं, कुणी सुट्टीला येतं. त्या सगळ्यांना भिंतीनंच आधी या म्हणायचं असतं.

जहाजाच्या खिडकीचं दुसरं टोक मुंबईत सापडलं. शिकायला मी चार वर्षं मुंबईत होते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उभं राहिलं की पाठीमागं विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय, टोकदार कमानींचं, काळवंडलेल्या दगडाचं, राज्यकर्त्यांनी बांधलेलं. आणि समोर, मैदानापलीकडं, फिक्या रंगांच्या, गोल कोपऱ्यांच्या इमारतींची ओळ. ती ओळ पाहताक्षणी मी ओळखली. तो आमचाच पोर्च होता! तीच छज्ज्याची धावती पट्टी, त्याच तीन रेघा. बॅकबेचा समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर 1930च्या दशकात ही घरं उठली आणि तिथून मरीन ड्राइव्हच्या कडेनं वळत गेली. पैसा इथल्या लोकांचा, राहणारे इथले, आणि पुष्कळ वास्तुविशारदही इथलेच. मरीन ड्राइव्हवरच्या ज्या सूना महालाच्या गोल कोपऱ्यावर बुरूज चढवलेला आहे, तो 1937 साली गजानन बाबूराव म्हात्रे यांनी आखला. चर्चगेटसमोरचं इरॉस सिनेमागृह 1938चं, सोहराबजी भेदवार यांचं. ओव्हलच्या दोन्ही बाजूंना मिळून 30 जून 2018 रोजी युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला. ती बातमी वाचताना मला आमच्या फाटकावरचा सूर्य आठवला.

या शैलीला आज आर्ट डेको म्हणतात. 1925 साली पॅरिसमध्ये भरलेल्या शोभाकलांच्या प्रदर्शनावरून हे नाव आलं, आणि ते रूढ झालं 1960च्या दशकात. म्हणजे आमच्या आजोबांना घर बांधताना हा शब्द ठाऊक असण्याचा संभव नाही. ते म्हणत, "मुंबई पद्धतीचं बांधलं." पण पद्धतीचा उगम मुंबईच्याही पलीकडं, समुद्रात होता. त्या दोन-तीन दशकांत माणसाच्या मनावर मोठ्या आगबोटींची मोहिनी होती. आगबोटीचे वळणदार कठडे, एकावर एक चढत गेलेले डेक, गोल खिडक्या, वेगाच्या रेघा हे सगळं घरांवर आलं. सिमेंट-काँक्रीटमुळं ते शक्य झालं. दगड-विटांच्या भिंतीतून सज्जा हातभर बाहेर काढायला खाली आधार लागे. सळई घातलेलं काँक्रीट नुसतं पुढं झेपावू शकत होतं, हवं तिथं वळू शकत होतं. 1936 साली देशातल्या सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली आणि सिमेंट गावोगाव पोचू लागलं. 1937 साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरलं. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांसाठी घरबांधणीची पुस्तकं लिहिली. बेताच्या पैशात उजेडाचं, वाऱ्याचं, आरोग्याचं घर कसं बांधावं हे त्यांत आराखड्यांसह होतं. आणि आमच्या सांगलीपासून थोड्या अंतरावर, पुण्याकडच्या रेल्वेमार्गावरच्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकं निघत होती. त्यांच्या पानांतून नव्या राहणीचं स्वप्न मराठी घरांत शिरत होतं.

अशा वाटांनी समुद्र घाट चढून विश्रामबागेत आला. गवंड्यानं मुंबईला एखादं घर पाहिलेलं, आजोबांनी एखादा आराखडा जपून ठेवलेला, लोहारानं दुसऱ्याच्या फाटकावरचा सूर्य डोळ्यांत भरून आणलेला. आगबोट त्यांतल्या कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. पण ती खिडकी ज्या सुट्टीची, ज्या मोकळ्या वाऱ्याची खूण होती, ती त्यांना नेमकी कळली होती. वस्तीचं नावच विश्रामबाग. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाला स्वतःच्या घरात रोजची थोडी सुट्टी हवी होती. जिन्यावरची ती गोल खिडकी काही कामाची नाही. तिच्यातून पुरेसा उजेडही येत नाही. ती आजोबांच्या आनंदाची आहे.

रंगांचं आणखी एक गाव मी पाहिलेलं नाही, पण त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. अमेरिकेतल्या मायामी बीचवर 1930च्या दशकातली शेकडो छोटी हॉटेलं आहेत, आपल्या मरीन ड्राइव्हची चुलत भावंडं. 1970च्या दशकात ती पार उतरणीला लागली होती. पाडून टाकायची भाषा सुरू होती. तेव्हा बार्बरा कॅपिटमन नावाच्या एका बाईनं 1976 साली काही मंडळींना जमवून ती वाचवण्यासाठी संस्था काढली आणि 1979 साली तो सगळा भाग अमेरिकेच्या वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदवला गेला. त्यांच्यातलाच एक कलावंत होता लिओनार्ड होरोविट्झ. ही घरं मुळात बहुतेक पांढरी होती, कडांना तेवढा थोडा रंग. होरोविट्झनं 1980च्या दशकात त्यांना समुद्राचे, पहाटेचे, शंखांचे फिके रंग दिले: गुलाबी, पुदिन्याचा हिरवा, लिंबाचा पिवळा. आज जगभरचे लोक जो जुन्या काळाचा रंग म्हणून पाहायला तिथं जातात, तो त्या घरांना पन्नास वर्षांनी मिळाला.

हे वाचल्यावर आधी मला थोडं फसल्यासारखं वाटलं. खरा, मूळ रंग कोणता मग? नंतर हातातल्या पोपड्याकडं पाहिल्यावर कळलं, की प्रश्नच चुकीचा होता. माझ्याही घराचा मूळ रंग पांढरा. पिवळा दुसरा. पण आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी पिवळाच सांगितला असता. होरोविट्झनं त्या भिंतींवर खोटं काही लिहिलं नाही. पडायला आलेल्या घराकडं लोक वळून पाहतील, असं त्यानं काहीतरी केलं. वळून पाहिलं म्हणून ती घरं राहिली. नुसत्या जुनेपणावर घर टिकत नाही. त्याच्यावर पुन्हा पुन्हा कुणीतरी शिडी लावावी लागते.

हे आम्ही सांगलीकर पुरानं शिकलो आहोत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची. मामांचं घर गावभागात. विश्रामबाग उंचावर असल्यामुळं मामा, मामी आणि त्यांचे दोन शेजारी असे सगळे आमच्याकडं आले. दहा-बारा दिवस आमच्या घरात सोळा माणसं होती. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे खराटे आणि घमेली घेऊन गेलो. चिखल, वास, फुगलेली दारं, आणि भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक सरळ तपकिरी रेघ. सुतारानं पाणसळ लावून आखावी इतकी सरळ. गल्लीतल्या प्रत्येक घरावर तीच रेघ, एकाच उंचीवर.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मामांनी घराचं रंगकाम काढलं. आतल्या भिंती अजून ओल्या होत्या, त्यांना रंग लागणारच नव्हता. कपाटं नव्हती, गाद्या नव्हत्या. मामी म्हणाली, "अहो, आधी आतलं बघूया ना." मामा नेहमी तिचं ऐकतात. त्या दिवशी ऐकलं नाही. त्यांनी रस्त्याकडची तेवढी एक भिंत खरवडून घेतली, उन्हं खाऊ दिली आणि तिला झेंडूसारखा केशरी रंग दिला. आयुष्यभर त्या घराला कधीच नसलेला. दाराच्या आतल्या बाजूला पुराची रेघ त्यांनी बोटभर तशीच ठेवली आणि तिच्याखाली साल लिहिलं. 2005ची खूणही तिच्याजवळच आहे. मी विचारलं, "मामा, बाहेरची आधी का?" ते म्हणाले, "येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला पाहिजे, आम्ही परत आलोय."

न्यूझीलंडमध्ये समुद्रकाठी नेपियर नावाचं एक गाव आहे. 3 फेब्रुवारी 1931 रोजी भूकंपानं ते जमीनदोस्त झालं. लोकांनी पुढच्या काही वर्षांत ते नव्यानं उभारलं, आणि उभारताना त्या काळची ही नवी, उमेदीची शैली निवडली: सूर्याचे किरण, वळणाच्या रेघा, फिके प्रसन्न रंग. आज त्या गावाची ओळखच ती आहे. अख्खं गाव पडल्यावरही त्यांना नुसता निवारा पुरेसा वाटला नाही. मामांची केशरी भिंत पाहिली त्या दिवशी मला नेपियरची माणसं कळली.

रंगाऱ्याचा प्रश्न तसाच होता. त्याच्याकडं दुकानातून आणलेला रंगांचा तक्ता होता, शेकडो चौकोनांचा. मी तो संध्याकाळभर चाळला. मग वाटलं, ज्याला दिसणार त्यालाच विचारावं. तक्ता ठेवून दिला, पोपडा रुमालात गुंडाळला आणि रस्ता ओलांडून समोरच्या काकूंकडं गेले.

काकूंचं वय आता पंचाऐंशीच्या पुढं. गुडघ्यांमुळं गेली काही वर्षं त्या फारशा बाहेर पडत नाहीत. सकाळपासून रस्त्याकडच्या खिडकीशी खुर्चीत बसलेल्या असतात. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या खिडकीतून आमचं घर पाहिलं. ती चौकट आमच्याच भिंतीनं भरलेली होती. थोडं आभाळ, गुलमोहराची एक फांदी आणि बाकी सगळी आमची भिंत. इतकी वर्षं त्या बाईंच्या डोळ्यांसमोर मी करडा रंग ठेवला होता, आणि त्यांनी एका शब्दानं कधी तसं सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"काकू, कुठला रंग देऊ?" मी विचारलं आणि पोपडा त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो उजेडाकडं धरला. नखानं थर मोजले. पिवळ्यावर बोट थांबलं.

"हा तुझ्या आजोबांचा," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा नुकताच दिला होता. माझं माहेर हरिपूरचं. तीन-चार मैलांवर, पण सणावारीच जायला मिळायचं. आमच्याकडं हळदीची पेवं होती. पेव उपसलं की अंगणभर हळद. पहिल्या दिवशी सकाळी इथं येऊन उभी राहिले, खिडकी उघडली, आणि समोर हा रंग. अगं, मला वाटलं, हरिपूरच आलंय माझ्यामागून." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुझ्या आजोबांना तरी कुठं ठाऊक होतं?"

हरिपूरच्या जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं मी लहानपणी पाहिली आहेत. 2005च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीच गेली. आजोबांनी आपल्या आनंदासाठी भिंतीला पिवडी दिली होती, आणि ती जाऊन पोचली होती एका नव्या नवरीच्या माहेरच्या अंगणात. फोंताइन्यासच्या शिडीवरचे गृहस्थ आम्हा चौघांना ओळखत नव्हते. मायामीच्या भिंती रंगवणाऱ्याला माहीत नव्हतं कोण येऊन पाहणार आहे. देणाऱ्याला हे कळायची सोय नसते. त्यानं रंग द्यायचा असतो, इतकंच.

रंगारी खूश झाला. त्यानं रस्त्याकडच्या भिंतीवरचे जुने तैलरंगाचे सगळे थर तीन दिवस खपून काढले, कारण त्यांच्यावर चुना धरत नाही. कळीचा चुना आणला, आमच्याच मोरीजवळच्या पिंपात विरवला, गाळला. पेठेतून पिवडी आणली. मूठ-मूठ घालून, भिंतीवर एक-एक पट्टा ओढून, वाळल्यावर तो कसा दिसतो ते पाहत त्यानं रंग जमवला. ओला असताना तो फार गडद दिसतो आणि वाळताना उजळत जातो. "बा असंच करायचा," काम करताना तो दोनदा म्हणाला. शेवटी फाटकावरचा गंज घासून सूर्याच्या नऊ किरणांना त्यानं तांबडा रंग दिला. मी विचारलं, किती वर्षं टिकेल? "दोन पावसाळं. मग परत द्या की," तो म्हणाला. फोंताइन्यासच्या त्या गृहस्थांचं कोकणी वाक्य मला सांगलीच्या बोलीत परत मिळालं.

दसऱ्याला सोनं द्यायला सकाळीच काकूंकडं गेले. आमच्या भिंतीवर पूर्वेचं ऊन पडलं होतं. काकू खिडकीशी होत्याच. त्यांनी आपट्याचं पान घेतलं, माझ्या हातावर साखर ठेवली आणि काही न बोलता वर बोट दाखवलं. मी वर पाहिलं. त्यांच्या खोलीचं पांढरं छत खिडकीपासून आतपर्यंत हळदीच्या उजेडानं भरलं होतं.